यत्तूचं शेत

५ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा आखातात. विमानात शेजारच्या गृहस्थाने चकल्यांचा डबा निम्मा केला आणि उतरताना साधं 'बरं' म्हटलं नाही, तेवढं सोडलं तर प्रवास झकास. मुलगा विघ्नेश न्यायला आला होता. शहरात करामा भागातल्या त्याच्या घरी आंघोळ, जेवण, नातीचं तोंड पाहणं, आणि मग डोंगरातले बोगदे ओलांडून गाडी थेट इकडे, समुद्रकाठच्या खोर फक्कानला.

नात इशिता नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद चालतो. पुण्याच्या सराफाकडून तिला चांदीची साखळी करून आणली आहे, मधे पदक, पदकावर देवनागरीत 'इशिता'. गळ्यात घातली तर म्हणते, "थँक्यू आजोबा, व्हॉट डझ इट से?" स्वतःचं नाव वाचता येत नाही! सूनबाई संपदा ओशाळली. मी म्हटलं, असू दे, आता आजोबा आलाय, बोलायला लावतो की नाही बघ.

मला बोलावलंय हम्मादने. विघ्नेशच्या ओळखीचा इथला जमीनदार, पन्नाशीचा, हसरा. शहराच्या मागे डोंगराच्या कुशीत त्याची बाग आहे, खजूर, आंबे, लिंबं. बागेला लागून एक उजाड शेत. तिथे जुनी लष्करी चीजवस्तू सापडते. सरकारची रीतसर परवानगी काढून तो धातुशोधक यंत्र फिरवतो आहे, आणि निघेल ते आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, मांडणार आहे. पण काय काय निघतंय ते सांगायला माणूस हवा. तो मी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म काढला, आता लोक मला गंजक्या वस्तूंचे फोटो पाठवतात आणि मी ओळख पटवून देतो. सगुणा म्हणते, लोकांचे नवरे रिटायर झाले की देवाला लागतात, आमचे भंगाराला लागले.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती मागे राहिली. निघताना उंबऱ्यात काठी धरून उभी होती. 'येतो' म्हटलं. 'लवकर या' म्हणाली. घर आल्या आल्या आठवतंय, काय करणार.

हम्मादने गहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, पाजला, खजूर खिलवले, शेत दाखवलं, आणि मग अर्ध्या वाक्यात पाठ फिरवून चालता झाला. ना सलाम ना काही. श्रीमंतांच्या तऱ्हा! मला ते बरं वाटेना. निदान शेताचा तरी निरोप घ्यावा म्हणून मीच मोठ्याने म्हटलं, "येतो हो."

८ नोव्हेंबर

यंत्र चालवणारा तहसीन रामपूरचा. मला चाचा म्हणतो. कानाला हेडफोन लावून शेतात फिरतो आणि थाळी पुढे-मागे हलवतो, आमच्याकडे बायका पाखडताना सूप हलवतात तशी. लोखंडाला घोगरा आवाज, पितळेला मधला, चांदीला अगदी चिमणीसारखा. आवाज आला की खणायचं. खणायचं म्हणजे काय, वर वीतभर धूळ आणि खाली चुनखडीचा कडक थर, पहारच लागते. हा थर एकदा बसला की वरून काही खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे थराखाली सापडलं ते अस्सल जुनं, यात शंका नको.

आतापर्यंत शिशाच्या गोळ्या, चकमकीचे तुकडे, पितळी बटणं. आज एका ठासणीच्या बंदुकीचा चाप निघाला. गंज खरवडला तर बदामाच्या आकारात कंपनी सरकारची अक्षरं! म्हणजे दोनशे वर्षांमागची मुंबईची पलटण. तहसीनला नाचून दाखवायचं तेवढं राहिलं.

तो विचारतो, खरं-खोटं कसं कळतं. म्हटलं, पितळेवरची खरी हिरवी साय नखाने निघत नाही, खोटी निघते. माणसांचंही तसंच.

संध्याकाळी सामान आवरून निघताना शेताला "येतो" म्हटलं. आता सवयच लागली.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा. चांदीचा म्हणा. तहसीनने चपटा तुकडा आणून दिला, त्याच्या मते कुणा साहेबाचं मेडल. मी पाण्यात धरला आणि अंगावर काटा आला. घोडा, स्वार, शेजारी बाई, पायाशी कुत्रा. खंडोबाचा टाक! आमच्या देवघरात असाच आहे, आजीच्या हाताने घासून गुळगुळीत झालेला. इथे विलायतेतून दहा पंडित आणले असते तरी त्यांनी मेडलच म्हटलं असतं. घरचा देव कमरेला बांधून कुणीतरी आपल्याकडचा गडी इथवर आला होता. साताऱ्याकडचा असेल, जेजुरीकडचा असेल. ओळख पटली.

हम्मादला सांगितलं तर त्याने टाक हातात घेऊन नीट पाहिला. मग त्याच्या पणजीकडून आलेली गोष्ट सांगितली. पाण्यासाठी एक गलबत किनाऱ्याला लागलं होतं. त्यावरचे काही शिपाई तापाने फणफणले होते. बाकीच्यांनी त्यांना या शेतातल्या विहिरीपाशी ठेवलं, काहीतरी सांगितलं आणि गलबत निघून गेलं, ते गेलंच. यांच्या घरचे लोक त्या आजाऱ्यांना पाणी द्यायचे. त्यांची भाषा कुणाला कळेना. समुद्राकडे हात करून ते एकच शब्द म्हणायचे, शेवटचा मरेपर्यंत. यांना वाटलं कुणाचं तरी नाव असेल. त्यावरून शेताला आजही 'यत्तू' म्हणतात. अरबीत असला शब्द नाही.

मीही विचार करून थकलो. कोण हा यत्तू?

१६ नोव्हेंबर

कोडं सुटलं, तेही तहसीनच्या तोंडून. संध्याकाळी मी निघालो तर हा खो खो हसतोय. म्हणे, चाचा, आप रोज़ शाम को खेत का नाम लेकर ही जाते हो! मी म्हटलं, मी कुठे नाव घेतो? म्हणे, अभी तो बोला, यत्तू.

येतो.

गलबतावरच्यांनी जाताना 'येतो' म्हटलं असणार. जातो कसं म्हणतील? आपल्यात जातो म्हणतं का कुणी? आणि मागे राहिलेले तोच शब्द धरून बसले. येतो म्हणालेत, येतील.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, विघ्नेशला फोन करून सांगितलं, तोही थक्क झाला. पण जेवताना सारखं तेच मनात. तहानलेली, तापलेली पोरं, आणि समुद्राकडे डोळे. फार वाईट वाटलं.

२ डिसेंबर

नॅशनल डेची सुट्टी, म्हणून विघ्नेश, संपदा, इशिता आली होती. गाडीला झेंडे. बागेत चादर पसरून पोहे, हम्मादकडून आलेला भात. इशिताला शेत दाखवलं, हेडफोन लावून दिला. "आजोबा, इट्स लाइक अ बर्ड!" तिच्या गळ्यातल्या साखळीमुळेच यंत्र चिवचिवत होतं. खूप हसलो.

निघताना ती शेताच्या बांधावरून हात हलवून म्हणाली, "बाय-बाय, आय अॅम गोइंग." मी अडवलं. म्हटलं, गोइंग नाही. मराठी माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतो. म्हण बघू, शेताकडे बघून म्हण. लाजली. मग छान स्वच्छ म्हणाली, "येते."

तिच्या तोंडचा पहिला धड मराठी शब्द. मी टाळ्या वाजवल्या. लांब उभा असलेला हम्माद एकदम खाली बसला, ऊन लागलं असेल.

५ डिसेंबर

एक विचित्र गोष्ट. तहसीनला पितळेचा आवाज आला. थर अखंड होता, मी स्वतः बघितला, कुठे भेग नाही. पहारीने फोडला. खालून गोल चकती निघाली, वर भोक, हिरवीगार. धुतली. आकडे दिसले, ४१७.

कारखान्याच्या फाटकावर रोज घ्यायचं टोकन. माझा नंबर. ते टोकन मी रिटायर होताना मागून घेतलं आणि किल्ल्यांना अडकवलंय, आत्ताही खिशात आहे. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. माझ्या टोकनवर चारच्या आकड्याच्या पायाशी ओरखडा आहे. जमिनीतल्यावरही आहे.

साय नखाने काढून पाहिली. निघाली नाही.

तहसीनची थट्टा असावी म्हणून त्याच्यावर ओरडलो. बिचारा रडकुंडीला आला. थट्टा नाही. मला माझं काम येतं, तेच नडलंय.

७ डिसेंबर

किल्ल्यांना टोकन नाही. कडी तशीच बंद. जमिनीतलं मात्र टेबलावर आहे.

भर दुपारी स्वतः हेडफोन लावला. बांधापाशी काही नाही. विहिरीकडे गेलो तसा बारीक आवाज, लोखंडाचा नाही, पितळेचा नाही. थाळी हलवली नाही तरी येतो. श्वासासारखा. मग त्यात शब्द आहे असं वाटलं. ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं.

"या."

दारात उभं राहून पाहुण्याला म्हणतात तसं, आदराने.

९ डिसेंबर

तहसीन गेला. विघ्नेशच्याच शहरात, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत, चुलतभावाकडे. म्हणाला, चाचा, आवाज आता मशीन बंद केली तरी येतो. जाताना शेताकडे पाठ करून, तोंडावर हात दाबून गेला.

मग हम्मादला धरलं. पहिल्या दिवशी असाच न बोलता का गेलास? त्याने सांगितलं. त्यांच्या घरात या शेतातून निघताना कुणी निरोप घेत नाही, सलामसुद्धा करत नाही. पणजीने ताकीद दिलेली. इथे जो कुणी येईन म्हणतो, त्याचं बोलणं ते मेलेले शिपाई खरं मानतात. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, बाबा, तुम पढ़ा-लिखा आदमी, हँसता मेरे पे. शिवाय त्याला वाटलं मी माझ्या भाषेत शेताला दुवा देतो आहे. रोज संध्याकाळी.

रोज संध्याकाळी मी त्यांना येतो म्हणत होतो. त्यांच्याच भाषेत. आणि रोज सकाळी येतही होतो. गलबतावरच्यांनी पाळला नाही तो शब्द मी पाळला. दोनशे वर्षांत पहिलाच.

आणि इशिता—

तिलाही मीच शिकवलं.

हम्माद म्हणाला, खलास, काम बंद. खड्डे बुजवू. इन्शाल्ला सगळं ठीक होईल. माझ्याकडे न बघता म्हणाला.

१२ डिसेंबर

खड्डे बुजवताना मजुराच्या फावड्याला काही लागलं. थराच्या ढेकळात आतपर्यंत रुतलेलं. मी हातोडीने ढेकूळ फोडलं.

खाऱ्या जमिनीत चांदी अशीच होते, करडी, फुगलेली, शिंगासारखी. कडी एकमेकांना चिकटलेली. पदकाच्या एका बाजूला अक्षरं. पुसायची हिंमत होत नव्हती. पुसली.

संपदाला फोन केला. साखळी आहे, बाबा, तिच्या गळ्यातच आहे, काय झालं?

काही नाही म्हटलं. देवा खंडोबा, काही नाही असू दे.

१३ डिसेंबर

साखळी शाळेत हरवली म्हणे. संपदा समजूत घालत होती, मुलं हरवतातच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग हसून म्हणाली, बाबा, तुमची कमाल आहे, इशिता मराठी बोलायला लागली! घडाघडा! कुठून शिकते कोण जाणे, काल मला 'घागर रिकामी का' विचारत होती.

त्यांच्याकडे घागर नाही.

१५ डिसेंबर

टॅक्सी करून करामाला गेलो. दार इशितानेच उघडलं. ओठ फुटलेले. माझ्या पायाला हात लावला, तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही कशाला आलात? तिकडे माणसं खोळंबलीत."

विघ्नेश आणि संपदा कौतुकाने हसत होती. पोरगी पाण्यावर पाणी पीत होती.

मी विघ्नेशला सगळं सांगितलं. त्याने हळूच विचारलं, बाबा, ब्लड प्रेशरची गोळी रोज घेता ना?

१६ डिसेंबर

परत आलो. विचार करून आलो. रोजचा शब्द माझा, तिचा एकदाच, तोही मी वदवलेला. मी इथे राहिलो तर त्यांचं माझ्यावर भागेल. म्हातारा माणूस, मला काय. तिला सोडतील. सोडायला हवं.

दुपारी शेतात जाऊन मोठ्याने 'जातो' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. इशिताचं नाव घेऊन 'जाते' म्हटलं, तिच्यातर्फे. मोडला शब्द, मोडला. घसा कोरडा पडेपर्यंत म्हणत राहिलो.

पाठ फिरवली आणि साठ वर्षांची जीभ, माझ्या नकळत—

म्हणालो. परत तेच म्हणालो.

१८ डिसेंबर

हेडफोन लावायची गरज राहिली नाही. विनवलं त्यांना. टाक हातात घेऊन विनवलं. मी आलो आहे, पोरीला सोडा. घरचा देव आहे तुमचा, त्याची आण.

"या," म्हणाले. किती गोड. "दोघं या."

त्यांना राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. नुसती वाट बघताहेत, आणि आता आलेल्याला जाऊ द्यायचं नाही एवढंच त्यांना कळतं.

हम्माद बागेतल्या माणसांना घेऊन शहरात राहायला गेला. मलाही ओढत होता. मी निघालो तर ते तिच्याकडेच बघतील.

तहान लागते. पाणी पितो, तरी लागते.

२० डिसेंबर

सगुणाचा फोन. विघ्नेशने तिला माझं काहीबाही सांगितलंय. म्हणाली, अहो, आवाज असा का तुमचा? गुडघा गेला खड्ड्यात, व्हिसा झालाय, मीच तिकडे ये—

फोन आपटला. पुरा ऐकला नाही. पुरा म्हणाली नाही ना ती? मी शेतापासून लांब होतो. बागेतल्या माझ्या खोलीत होतो. खिडकी उघडी होती.

तिला सांगितलं पाहिजे. फोन लागत नाही आता. लिहून ठेवतो. ही वही विघ्नेश तिला देईलच, आणि माझं अक्षर ती मोडणार नाही. लग्नापासून माझा लिहिलेला शब्द तिने कधी मोडला नाही.

२१ डिसेंबर

विघ्नेशचा मेसेज. मला न्यायला निघालेत. इशिताला घेऊन. तीच हट्ट करते आहे म्हणे. नको लिहिलं, दहादा लिहिलं, जात नाही—

गाडी. फाटकाशी.

इशिता उतरली. अनवाणी. इकडे नाही, शेताकडे चालली. विघ्नेश हसत मागून हाक मारतोय, धावत नाही, कळत नाही त्याला. किती जण उभे आहेत विहिरीपाशी, त्याला दिसत नाहीत. सरकून जागा करताहेत तिला—

मला तिच्या आधी पोचायला हवं. सगुणा, एवढंच वाच. माझं काही कळलं, पोरीचं काही कळलं, तरी माझी शपथ आहे, तू इकडे ये